पिल्लाच्या एक्स-रेमधली काळी रेघ: फ्रॅक्चर की वाढीची पट्टी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार महिन्यांचा लॅब्रॅडॉर जिन्यावरून चार पायऱ्या घसरला. दोन दिवस झाले, उजवा पुढचा पाय तो नीट टेकत नाही. एक्स-रेमध्ये मनगटाजवळ दोन्ही हाडांवर काळ्या रेघा दिसतात. तुमचे पशुवैद्य म्हणाले, ही वाढीची रेघ आहे, फ्रॅक्चर नाही. एमबीबीएस करणाऱ्या भाच्याने मोबाइलवर तोच फोटो बघून सांगितलं की दोन्ही हाडं मोडली आहेत, प्लास्टर करून घ्या. त्यातच घरातल्या दीड वर्षाच्या मांजरीचा मागच्या महिन्यात काढलेला छातीचा एक्स-रे तुम्ही पुन्हा उघडलात आणि मानेपाशी काडीसारखं हाड दिसलं. महिनाभर ती नीट खाते-पिते आहे, तरी तिने कोंबडीचं हाड गिळलंय का, अशी आता धास्ती. आणि शेवटी, पिल्लाला कॅल्शियमचं सिरप सुरू करू का?

मी २४ वर्षं कुत्र्या-मांजरांची हाडं जोडण्याचं काम करतो. तुमच्यासारखी दोन मतं हातात घेऊन येणारे पालक जवळजवळ दर आठवड्याला भेटतात. एक्स-रेचा मूळ फोटो माझ्यासमोर नाही आणि पिल्लाच्या पायाला मी हात लावलेला नाही. त्यामुळे 'फ्रॅक्चर नाहीच' असं मी इथून म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, असं मला वाटतं. फक्त त्यांच्या उत्तरापुढे आणखी एक वाक्य हवं होतं. ते कोणतं, हे कळायला आधी ही रेघ काय असते ते समजून घ्या.

वाढत्या पिल्लाचं लांब हाड एकसंध नसतं. मधला दांडा वेगळा, दोन्ही टोकांच्या टोप्या वेगळ्या, आणि त्यांच्यामध्ये कूर्चेचा पातळ थर. हाड लांब होतं ते या थरापाशी. कूर्चेतून एक्स-रे किरण सहज पार होतात, म्हणून फोटोत तिथे काळी फट दिसते. तिलाच आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. वाढ संपली की तिथे हाड भरतं आणि रेघ पुसली जाते. लॅब्रॅडॉरच्या मनगटाजवळ हे साधारण ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान होतं. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींत त्याहून उशिरा. म्हणजे साडेचार महिन्यांच्या लॅबमध्ये ती रेघ दिसायलाच हवी. न दिसती तर मला काळजी वाटली असती.

तुमच्या भाच्याची चूकही समजण्यासारखी आहे. माणसांच्या मुलांमध्येही अशा पट्ट्या असतात. पण तो ज्या मनगटाची चित्रं अभ्यासतोय, त्यात अल्नाची, म्हणजे कोपर ते मनगट जाणाऱ्या दोन हाडांपैकी एकाची, पट्टी साधारण आडवी असते. कुत्र्यात ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल, शंकूच्या आकाराची असते. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हा व्ही तिरका तुटल्यासारखाच दिसतो. शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लांत त्या पट्टीच्या वरची हाडाची कड थोडी खडबडीत, कुरतडल्यासारखी दिसते. तीही निरोगीच असते.

मग खरं फ्रॅक्चर कसं ओळखायचं? मी सगळ्यात आधी दुसऱ्या, चांगल्या पायाचा एक्स-रे काढतो. त्याच कोनातून, तेवढाच भाग. रेघ दोन्हीकडे सारखी, तेवढीच रुंद असेल तर ती वाढीची. एका बाजूला फट रुंदावलेली असेल, टोपी थोडी सरकलेली असेल किंवा भोवतालचं मांस सुजलेलं दिसत असेल, तर ती इजा. दुसरा पाय हा त्या पिल्लाचा स्वतःचा नकाशा असतो, कुठल्याही पुस्तकातल्या चित्रापेक्षा भरवशाचा. त्यानंतर हात. मी प्रत्येक हाड बोटांनी वरून खाली दाबत जातो. रेघेवर नेमकं दाबल्यावर पिल्लू ओरडलं आणि चांगल्या पायावर तिथेच दाबल्यावर गप्प राहिलं, तर एक्स-रे कितीही सरळ दिसो, मी पट्टीला इजा झाली असं धरून चालतो.

आता ते राहिलेलं वाक्य. 'फ्रॅक्चर नाही, पण तीन आठवड्यांनी परत दाखवा' असं तुम्हाला सांगायला हवं होतं.

कारण असं. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, पुढे रेडियस आणि मागे अल्ना. वजन मुख्यतः रेडियस उचलतो. त्याला दोन्ही टोकांना ग्रोथ प्लेट असते आणि तो दोन्हीकडून वाढतो. अल्नाचं तसं नाही. तिची वरची पट्टी फक्त कोपराचं टोक वाढवते. तिच्या लांबीची सुमारे ८५ टक्के वाढ एकट्या मनगटाजवळच्या त्या व्ही आकाराच्या पट्टीतून होते. आणि पट्टी शंकूच्या आकाराची असल्यामुळे पायावर बाजूने कसाही झटका बसला तरी तिची एक तरी कड चेपली जाते. सपाट पट्टी अशा वेळी सरकली असती आणि एक्स-रेमध्ये पकडली गेली असती. शंकू सरकत नाही, तो आतल्या आत चिरडतो.

चिरडलेल्या कूर्चेतून पहिल्या दिवशी एक्स-रेवर काहीच दिसत नाही. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ साली लहान मुलांच्या ग्रोथ प्लेटच्या इजांचे पाच प्रकार मांडले. आम्ही पशुवैद्य आजही तीच वर्गवारी वापरतो. त्यातला पाचवा प्रकार म्हणजे ही चिरडण्याची इजा. ती जवळपास नेहमी मागाहून कळते, वाढ थांबली की.

प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे चार महिन्यांचं जर्मन शेफर्डचं पिल्लू आलं होतं. सोसायटीच्या लोखंडी फाटकात पाय अडकला होता. मी एक्स-रे काढला, काही मोडलेलं नव्हतं. पाच-सहा दिवसांत लंगडणं थांबलं, घरचे खूश, मीही खूश. परत बोलावलं नाही. सात आठवड्यांनी ते पिल्लू पुन्हा आलं तेव्हा पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि पायाचं पुढचं हाड धनुष्यासारखं वाकलेलं. अल्ना वाढायची थांबली होती, रेडियस वाढत राहिला होता. दोन हाडं एकमेकांना बांधलेली असताना एकच वाढत गेलं की दुसरं धनुष्याच्या दोरीसारखं ताणून धरतं. हाड वाकतं, मनगट बाहेर जातं आणि वर कोपराचा सांधा हळूहळू उसवतो. आम्ही अल्नाचा तुकडा काढून ती दोरी सैल केली, तुकड्याच्या जागी हाड पुन्हा जुळू नये म्हणून चरबी भरली. पाय बराचसा सरळ झाला, कोपर मात्र पूर्ववत झालं नाही. हेच तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर कोपरही वाचण्याची चांगली शक्यता होती. तेव्हापासून पुढच्या पायाला मार लागलेलं सहा महिन्यांच्या आतलं कोणतंही पिल्लू मी परत बोलावल्याशिवाय सोडत नाही.

तुमच्या पिल्लाच्या बाबतीत असंच होईल असं मुळीच नाही. चार पायऱ्या घसरलेली बहुतेक पिल्लं आठवड्याभरात पळायला लागतात. पण त्याचं वय असं आहे की अजून भरपूर वाढ बाकी आहे. म्हणून पट्टीला इजा झालीच असेल तर वाकडेपणाला वेळही भरपूर मिळेल. दहा महिन्यांच्या कुत्र्याला हाच मार लागला असता तर मी एवढा आग्रह धरला नसता.

दुसरी गोष्ट कोपराची. एक्स-रे फक्त मनगटाचा काढलाय का, हे तुमच्या प्रश्नातून कळत नाही. पुष्कळ लोक पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला 'गुडघा' म्हणतात, आणि डॉक्टरांना फोनवर 'गुडघ्यापाशी दुखतंय' असं सांगतात. कुत्र्याचा तो सांधा म्हणजे मनगट. त्याच्या मागे जो उंचवटा हाताला लागतो ते मनगटाच्या सात छोट्या हाडांपैकी एक हाड आहे, गाठ किंवा सूज नव्हे. कोपर खूप वर, छातीला चिकटून असतं. कुत्रा बोटांवर चालतो, म्हणून आपल्या हिशोबाने सगळे सांधे एक मजला वर चढलेले दिसतात. मागच्या पायातही तेच, जो 'उलटा गुडघा' वाटतो ती टाच असते आणि खरा गुडघा पोटाच्या कडेला.

कोपराचा आग्रह का? चार महिन्यांच्या आसपासचं पिल्लू सोफ्यावरून, कडेवरून किंवा जिन्यावरून पडतं तेव्हा दंडाच्या हाडाचा कोपराकडचा बाहेरचा गड्डा तुटणं ही फार वेळा दिसणारी इजा आहे. हाडाचा हा भाग जन्मतः एक नसतो. आतला आणि बाहेरचा अशा दोन ठिकाणी तो बनायला लागतो आणि साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात ते जुळतात. रेडियस खालून नेमका बाहेरच्या गड्ड्याला ढकलतो, आणि त्या बाजूचा हाडाचा खांब आतल्या बाजूपेक्षा बारीक असतो. धक्का बसला की तोच निसटतो. स्पॅनियल जातींत तर जुळणीच कच्ची राहू शकते, तिथे मोठ्या वयातही हे होतं. असं पिल्लू पाय उचलूनच धरतं, कोपर सुजतं, वाकवलं की विव्हळतं. यावर प्लास्टर उपयोगी नाही. सांध्याच्या आतला पृष्ठभाग स्क्रूने तंतोतंत जुळवावा लागतो, तोही पहिल्या काही दिवसांत. तेव्हा समोरून आणि बाजूने, दोन्ही बाजूंनी कोपराचा एक्स-रे झालेला नसेल तर उद्याच काढून घ्या.

आणखी एक शक्यता लॅबच्या बाबतीत मनात ठेवावी लागते. पडणं आणि लंगडणं यांचा संबंधच नसेल. लॅब्रॅडॉरमध्ये कोपराच्या आतल्या बाजूचा दोष नेमका चार ते सहा महिन्यांच्या वयात डोकं वर काढतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काही दिसत नाही. तो नक्की बघायचा तर सीटी स्कॅन करावा लागतो. खांद्याच्या सांध्यातली कूर्चा सुटणं हेही याच वयातलं. म्हणून मी पालकांना विचारतो, पडायच्या आधी सकाळी उठल्यावर तो थोडा अवघडून चालायचा का? बसताना पुढचे पंजे बाहेर वळवायचा का? तुम्हीही आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा.

जाता जाता, मागच्या पायाचा एक्स-रे कधी काढलात तर एक रेघ आणि दोन ठिपके लक्षात ठेवा. गुडघ्याच्या खाली नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर पिल्लांमध्ये मोठी फट असते, ती तुटल्यासारखीच भासते. आणि गुडघ्यामागे मोत्यासारखे दोन गोल ठिपके दिसतात. ती स्नायूंत बसलेली छोटी हाडं आहेत, उडालेले तुकडे नाहीत. मांजरीत त्यातलं आतल्या बाजूचं बहुधा फारच लहान असतं किंवा दिसतच नाही.

आता तुमच्या मांजरीची काडी. ते बहुधा तिचं कॉलरबोन आहे.

कुत्र्याचा पुढचा पाय धडाला कुठल्याही हाडाने जोडलेला नसतो. खांद्याचा फरा बरगड्यांवर स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन या झोळीतून पुढच्या पायांवर येतं. माणसाला कॉलरबोन लागतं कारण आपण हात बाजूला पसरतो, लटकतो, वजन पेलतो. कुत्रा पळण्यासाठी घडलेला आहे, त्याला फरा पुढे-मागे मोकळा सरकवता यायला हवा. त्याचं कॉलरबोन स्नायूतल्या एका तंतुमय पट्ट्यापुरतं उरलंय. मांजरीत मात्र ते खरोखरच्या हाडाच्या काडीच्या रूपात टिकून आहे, बारीक, किंचित वाकलेलं, आणि दोन्ही टोकांना कशालाच न टेकलेलं. स्नायूत तरंगतं म्हणा ना. म्हणूनच डोकं आत शिरलं की मांजरीचं बाकीचं अंगही फटीतून निघतं.

बाजूने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये ही काडी नेमकी मानेच्या खालच्या टोकाशी, अन्ननलिकेच्या वाटेवर दिसते. मी स्वतः अशा तीन-चार मांजरी बघितल्यात ज्यांना 'हाड अडकलंय' म्हणून रात्री घाईने आणलं होतं. खात्री करायची रीत सोपी आहे. मांजरीला उताणी किंवा पालथी झोपवून काढलेला एक्स-रे बघा. कॉलरबोन असेल तर दोन काड्या दिसतील, दोन्ही खांद्यांपुढे एकेक, आरशातल्या प्रतिबिंबासारख्या. पण ही बाबही सोडू नका की अन्ननलिकेत खरं हाड अडकण्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक तीच आहे. तुमची मांजर लाळ गाळत असेल, गिळताना मान ताणत असेल, खाल्लेलं लगेच बाहेर टाकत असेल, तर कॉलरबोन समजून घरी बसू नका. महिनाभर नीट खाते-पिते आहे म्हणता, तर मला चिंता वाटत नाही.

याच मांजरीच्या पायाचा एक्स-रे उद्या कुणी काढला आणि मनगटाजवळ रेघ दिसली, तर दीड वर्षाची म्हणून घाबरू नका. मांजरीच्या मनगटाजवळची रेडियसची पट्टी साधारण १४ ते २२ महिन्यांपर्यंत उघडी असते, आणि लहानपणी नसबंदी झालेल्यांत आणखी लांबते. मांजरीची अल्नाची पट्टी कुत्र्यासारखी शंकूची नसते, सपाट असते, त्यामुळे वर सांगितलेला वाकडेपणा तिच्यात क्वचितच होतो. दंडाच्या हाडातही फरक आहे. कुत्र्याच्या कोपराच्या वर हाडाच्या मधोमध एक भोक असतं, त्यातून काहीही जात नाही. मांजरीत ते भोक नसतं, पण आतल्या कडेला एक चीर असते आणि तिच्यातून एक मोठा मज्जातंतू (नर्व्ह) आणि धमनी जाते. मांजरीच्या त्या भागात पिन घालताना मी हात फार जपून चालवतो, कारण एक चुकीचा मिलिमीटर म्हणजे पंजाची संवेदना गेली. कुत्र्याच्या हाडावर शिकलेलं सगळं मांजरीला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि आमच्या वेळी कॉलेजात हाडं शिकवली जायची ती मुख्यतः बैलाची. कुत्र्या-मांजरांची हाडं आम्ही टेबलावर, रुग्ण समोर असताना शिकलो.

कॅल्शियमबद्दल स्पष्ट सांगतो. तुमचं पिल्लू जर चांगल्या प्रतीच्या पपी फूडवर असेल तर सिरप देऊ नका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या कामातून हे दिसलं की जादा कॅल्शियममुळे कूर्चेचं हाडात रूपांतर होणं बिघडतं. म्हणजे ज्या पट्टीला आपण जपतोय तिलाच त्रास. मात्र तो पोळी-दूध, दहीभात आणि बोनलेस चिकन एवढ्यावरच वाढत असेल तर चित्र उलटं आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. शरीर ती उणीव हाडातून भरून काढतं आणि हाडं कागदासारखी पातळ होतात, जरा उडी मारली तरी दुमडतात. अशा वेळी एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसतात. तेव्हाही आहार बदलायचा असतो, मनाने सिरप ओतायचं नसतं.

प्लास्टर फ्रॅक्चर सिद्ध झाल्याशिवाय नको. या वयात पाय आठवड्यागणिक जाड होतो, प्लास्टर आवळतं, खाली जखमा होतात, आणि काढल्यावर मनगट ढिलं पडलेलं मी पाहिलंय. त्यापेक्षा त्याला छोट्या खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवा, शी-शूला पट्ट्यावरच न्या. जिन्याला फळी लावा. घरात गुळगुळीत फरशी असेल तर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथरा. पाय घसरत राहिला तर कुठलीच इजा भरत नाही. दुखण्यावर घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. घरात दोघं आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे एवढं मागा: दोन्ही पुढच्या पायांचा, कोपर आणि मनगट दोन्ही फोटोत येतील असा, समोरून आणि बाजूने एक्स-रे. पहिला आत्ता, दुसरा तीन आठवड्यांनी, आणि लंगडणं थांबलं तरी तिसरा सहा आठवड्यांनी. मध्ये दर रविवारी त्याला सपाट जमिनीवर सरळ उभं करून समोरून पंजांचा मोबाइलवर फोटो काढत जा, तारखेसकट. उजवा पंजा डाव्यापेक्षा बाहेर वळतोय असं वाटलं तर तीन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.